नातवाचे छंद आणि आपले सण

 

सत्संगात एका आजींनी विचारलेला प्रश्न या वेळी घेतला आहे. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता. प्रश्न असा : "आमचा नातू साडेचार वर्षांचा. त्याचं मन कशावरच टिकत नाही. दोन वर्षांचा होता तेव्हा पंखा. कुणाच्याही घरी गेलं की आधी मान वर. मग आगगाडी आली, ती वर्षभर. मग डायनासोर. आता कुलपं. इतकं चंचल मन असेल तर पुढे कसं व्हायचं? रोज थोडा वेळ जपाला बसवू का?"

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. म्हणून आम्ही नंतर त्यांच्याजवळ जाऊन बसलो, तेव्हा खरी गोष्ट कळली.

मागच्या गणपतीत त्यांच्या मुलाने नातवासाठी आगगाडीचं मखर केलं होतं. आपल्या बडोदे संस्थानात खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली आणि सुरुवातीला ती चक्क बैल ओढत. ही गोष्ट नातवाला फार आवडायची, रोज रात्री सांगावी लागे. म्हणून बापाने ऑफिसातून आल्यावर तीन आठवडे जागून पुठ्ठ्याची ती गाडी केली, बैलांसकट. मधोमध बाप्पाचा पाट. मुलाला कळू नये म्हणून सगळं काम शेजारच्यांच्या घरी.

चतुर्थीच्या दहाएक दिवस आधी मामाने मुलाला डायनासोरचं पुस्तक आणून दिलं.

स्थापनेच्या सकाळी पाहुणे जमले, पडदा सरकवला, चार-पाच मोबाईल मुलाच्या तोंडासमोर. मुलाने मखराकडे पाहिलं आणि विचारलं, "यात राजासोरस कुठे आहे?" बापाने समजावलं, अरे ही आपली डभोईची गाडी. मुलगा म्हणाला, "मला गाडी नको." बापाचा तोल गेला. "तुझ्यासाठी वीस रात्री जागलो मी! कशाची किंमतच नाही तुला." आरतीभर मुलगा रडत होता. दीड दिवस तो बाप्पाच्या खोलीत गेला नाही. विसर्जनाला सगळे नवलखीच्या तलावावर निघाले, तेव्हा हा आजोबांबरोबर घरीच थांबला.

आजींची काळजी ही होती. चंचलपणा हे नुसतं वरचं नाव.

आधी त्या नावाबद्दल बोलू, कारण ते अनेक घरांत वापरलं जातं. मुलाला लागलं की आपण त्याला खूळ म्हणतो, मोठ्यांना लागलं की छंद, आणि साधूला लागलं की ध्यास! पण जे मूल पंख्याखाली अर्धा तास उभं राहतं, पाती फिरताना दिसत का नाहीत, बटण बंद केल्यावर पुन्हा मोजता का येतात, हे बघत राहतं, त्याचं मन चंचल कसं? विषय बदलतो हे खरं. पण ज्या विषयात ते असतं त्यात पूर्ण असतं. आपलं उलट आहे. आपली माळ तीस वर्षं तीच आहे, आसन तेच, वेळ तीच, आणि एकशे आठ मण्यांत मन गॅसवर ठेवलेल्या दुधापाशी किती वेळा जाऊन येतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

मुलांच्या या वेडाकडे जाणत्या माणसांनी फार आधीपासून लक्ष दिलं आहे. मारिया मॉन्टेसरी बाईंनी रोममधल्या त्यांच्या शाळेतली एक गोष्ट लिहून ठेवली आहे. तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांत बसवत होती. बाईंनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, बाकीच्या मुलांना तिच्याभोवती गाणं म्हणायला लावलं, तरी ती थांबली नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच केलं, आणि मग आपणहून थांबून, झोपेतून उठावं तशी प्रसन्न होऊन इकडेतिकडे पाहू लागली. हा विचार आपल्या गुजरातेत रुजवला तो भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी. एक गुजराती, एक मराठी. बडोद्याच्या माणसाला ही जोडी जवळची वाटावी. आणि ज्युडी डिलोच या अमेरिकन संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर २००७ साली दाखवलं, की अगदी लहान मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना असं एखादं जबरदस्त वेड लागतं, बहुतेकदा दोन वर्षांची होण्याआधीच. तेव्हा आजी, तुमचा नातू जगावेगळा नाही. (मूल हाकेला ओ देत नसेल, नजर देत नसेल, बोलणं येत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे जावं, अंगारा लावून वाट बघत बसू नये.)

आता आपल्या ग्रंथाकडे येऊ. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली, पैठणला सुरू करून १५७३ साली काशीत पूर्ण केली. आपल्यापैकी बऱ्याच घरांत ती पोथी आहे. पृथ्वी, वारा, समुद्र, हत्ती, मधमाशी असे गुरू सगळ्यांना पाठ असतात. पण नवव्या अध्यायात जवळजवळ असलेले तीन गुरू एकत्र वाचले की आजींच्या प्रश्नाचं उत्तर दिसायला लागतं.

पहिला गुरू लहान मूल. त्याला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही. ते आपल्यातच रमतं. दुसरा बाण करणारा. तो बाण सरळ करण्यात असा बुडाला होता, की शेजारून वाजतगाजत राजा गेला तरी त्याला पत्ता लागला नाही. तिसरी कुंभारीण माशी. ती किड्याला घरट्यात कोंडते आणि किडा तिचंच चिंतन करत करत तिच्यासारखा होतो.

आता आपल्या घरातला प्रसंग बघा. वाजतगाजत बाप्पा आले, मखर उघडलं, आणि मुलगा मनात राजासोरस घेऊन उभा. शेजारून राजा गेला, बाण करणाऱ्याने मान वर केली नाही! पोथीत वाचताना त्याला आपण एकाग्रता म्हणतो आणि डोळ्यांना पदर लावतो. घरात तेच घडलं की म्हणतो, पोराला वळण नाही.

कुणी म्हणेल, कुठे ब्रह्मचिंतन आणि कुठे डायनासोर. बरोबर आहे. पण बाण करणारासुद्धा ब्रह्मचिंतन करत नव्हता, बाणच करत होता. अवधूतांनी त्याच्याकडून घेतलं ते लक्ष. आणि किड्याचं उदाहरण आम्हाला थोडं भीतिदायकच वाटतं, कारण ते दोन्ही बाजूंनी लागू होतं. मूल ज्यात रमतं तसं ते होतं हे खरं, तसंच ज्या नजरेखाली ते कोंडलं जातं तसंही होतं. "हा चंचल आहे, हा चंचल आहे" असं आठ वर्षं ऐकलेलं मूल नवव्या वर्षी चंचल निघालं तर दोष कुणाला द्यायचा?

ही झाली मुलाची बाजू. पण या गोष्टीत आम्हाला जास्त वाईट वाटलं ते बापाचं. वीस रात्री! प्रेमाशिवाय कुणी इतकं करत नाही. मग त्या प्रेमातून रागच का निघाला?

आम्हाला वाटतं, गोम "तुझ्यासाठी" या शब्दात आहे. तुझ्यासाठी केलं म्हणजे आता तू आनंदी व्हायला हवंस. अमुक दिवशी, अमुक वाजता, पाहुण्यांसमोर, आणि मोबाईल सुरू असताना. गीतेतला निष्काम कर्माचा श्लोक आपण सगळे म्हणतो. ऑफिसात बढती हुकली की तो आठवूनही बघतो. पण मुलाबाळांसाठी केलेल्या गोष्टीला तो लागू आहे असं सहसा कुणाला वाटत नाही, कारण तिथे आपण पैसा मागत नाही, मान मागत नाही. फक्त त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मागतो. आणि इतकं साधं मागणं आहे म्हणून ते मागणंच नाही, अशी आपली समजूत असते. वसुली ती वसुलीच, मग ती हसण्याची का असेना. साडेचार वर्षांच्या मुलाला कळत नाही की आपल्यावर कसलं देणं आलं. त्याला एवढंच कळतं की बाबा चिडले, सगळे बघत होते, आणि समोर बाप्पा होता. या तीन गोष्टी त्याने एकत्र बांधून ठेवल्या. तो देवापासून लांब गेला नाही. त्या खोलीपासून लांब राहिला.

बोरन्हाणात हेच अनेकदा दिसतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट, आणि ज्याचा सोहळा ते मूल भोकाड पसरून रडत असतं. आजूबाजूला बसलेली बाकीची पोरं मात्र बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या वेचण्यात दंग! त्यांच्याकडे कुणाचा कॅमेरा नसतो. "हस ना, हस ना, इकडे बघ" असं त्यांना कुणी म्हणत नाही. आपल्या या कुटुंबांच्या ग्रुपवर संक्रांतीच्या सुमाराला असे किती व्हिडिओ येतात ते आठवून पाहा. मूल बघायचं राहून जातं आणि व्हिडिओ बघितला जातो. रागावू नका, पण हे लिहिणं आम्हाला भाग आहे.

मग मुलाच्या तालावर सण नाचवायचा का? तसंही नाही. इथे आजोबांचं मत वेगळं होतं आणि ते आम्हाला पटलं. ते म्हणाले, "यंदा गाडीचा गणपती, पुढच्या वर्षी डायनासोरचा, त्याच्या पुढच्या वर्षी कुलपाचा, मग गणपतीचा गणपती कधी?" मुलाचे छंद बदलत राहणार, म्हणून तर सण तोच राहायला हवा. तोच पाट, तीच आरती, एकवीस दुर्वा, तोच नारळाच्या सारणाचा वास. भिंतीवर मुलाची उंची मोजायची खूण करतो, ती भिंत हलती असून चालेल का? मागच्या वर्षी ढोलाला घाबरून आईच्या मांडीत तोंड खुपसणारा यंदा ढोलामागे धावतो, हे आपल्याला कळतं कारण ढोल तोच असतो.

मुलाला सणात जागा हवी असते, आणि ती बहुतेक वेळा कामाने मिळते. दुर्वा मोजणं. फुलवाती ताटात ओळीने ठेवणं. घंटा. मोदकाच्या पारीला बोटाने खळगा करणं. वाकडा झाला तरी तो मोदक ताटात ठेवावा, बाप्पा बघून घेतील. ज्याला सजावटीने ओढता आलं नाही तो पोरगा "एकवीस झाल्या का बघ रे" म्हटल्यावर येतो, हे अनेक घरांनी अनुभवलं असेल.

त्या घरात दिवाळीत काय झालं ते सांगायला हवं. अंगणात किल्ला केला. मुलाने गुपचूप आपला राजासोरस थेट बालेकिल्ल्यावर, महाराजांच्या शेजारी नेऊन ठेवला. आजोबा उखडले. महाराजांच्या गडावर हा प्राणी? बाप मध्ये पडला, आणि या वेळी आवाज न चढवता. तो म्हणाला, महाराजांची जागा महाराजांची, तिथे दुसरं कुणी नाही. पण तुझा राजासोरस गडाच्या पायथ्याला राहील, कारण तो तिथलाच आहे. आणि हे गंमत म्हणून सांगितलेलं नाही. राजासोरसची हाडं आपल्या बालासिनोरजवळच्या रैयोलीला सापडली, २००३ साली त्याला नर्मदामाईवरून राजासोरस नर्मदेन्सिस हे नाव मिळालं. ज्या थरांत ती हाडं होती, त्यांच्यावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हाचे थर साचत गेले, आणि सह्याद्रीचा काळा कातळ, ज्यावर आपले गड उभे आहेत, तो त्याच लाव्हाचा. म्हणजे डायनासोर खाली आणि गड वर, हीच खरी मांडणी! आजोबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग स्वतः मोहरी पेरलेल्या मातीत त्याच्यासाठी झाडी लावली. किल्ल्याचा फोटो कुणी काढला नाही, असं आजी म्हणाल्या. लक्षातच आलं नाही.

पुठ्ठ्याची गाडी माळ्यावर आहे. बापाने ती टाकून दिली नाही हे आम्हाला बरं वाटलं. ती त्याने केली तेव्हा त्यालाही मजा आली होती. बैलांच्या शिंगांना त्याने तांबडा रंग दिला होता, तो काही मुलाने सांगितला नव्हता.

राहिला आजींचा जपाचा प्रश्न. नातवाला बसवू नका. तुम्ही बसा. तो येईल, माळ ओढेल, मणी मोजेल, मध्येच निघून जाईल. जाऊ द्या. आणि सध्या कुलपांचे दिवस आहेत, तर सणाची चांदीची भांडी ठेवलेल्या कपाटाची किल्ली रोज सकाळी पूजेआधी त्याच्या हातात द्या. समई, निरांजन, पळी-पंचपात्र त्यालाच काढू दे, पुन्हा ठेवून कुलूप त्यालाच लावू दे. पंधरा दिवस चालेल, नाहीतर महिना. एक दिवस तो यायचा विसरेल. त्या दिवशी हाक मारू नका, किल्ली पुन्हा कमरेला लावा आणि समई तुम्ही काढा.