धुण्याआधी

गंगेत बुडी मारली की पाप जाते का? माझे उत्तर इंजिनरूममधले आहे. जहाजाच्या वंगणतेलाचा जोडफिल्टर उघडायचा, तर तेल आधी दुसऱ्या बाजूला वळवतो, ही बाजू बंद करतो आणि हवेचा कॉक उघडून दाब शून्यावर आल्याची खात्री करतो. दाबाखालचे तेल तापलेल्या एक्झॉस्टवर उडाले तर पेट घेते. म्हणून 220 अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू शकणारे भाग झाकावेत, असा सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराचा नियम आहे. फिल्टरची जाळी धुण्यासाठी डिझेलमध्ये बुडवण्यापूर्वी मी गाळ हातमोज्यावर घेऊन निरखतो. चंदेरी कण चमकले, तर बेअरिंगच्या अस्तराचा धातू, व्हाइट मेटल, झिजत असण्याची शंका येते. न पाहता धुतले, तर जाळी लख्ख आणि झीज चालूच. प्रायश्चित्ताचेही तसेच. कबुलीआधीचे स्नान म्हणजे पुरावा पुसणे. बुडीला माझी हरकत नाही; आधी आपला गाळ बघावा, मग खुशाल बुडावे.