आठ तासांचे पाहुणे

'पाहणे' हे मराठीतले मोठे सोशिक क्रियापद आहे. आपण वाट पाहतो, अंत पाहतो, पोह्यांच्या बशीआडून मुलगी पाहतो आणि पासपोर्टावर शिक्का बसला की देशही पाहतो. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगीही मुलाला पाहून घेते, एवढा तरी न्याय असतो. पण आपण शहर पाहतो तेव्हा शहर आपल्याला पाहते का?

हा प्रश्न मला क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिक बंदरात पडला. आमच्या क्रूझने सकाळी आठला ग्रूझच्या धक्क्यावर उतरवले आणि दुपारी चारला परत या म्हणून बजावले. एकीकडे सुलतानाला खंडणी आणि दुसरीकडे दर्यावर्दी व्यापार, अशा हिशेबी शहाणपणावर रागुसाचे हे प्रजासत्ताक १३५८ ते १८०८ अशी साडेचारशे वर्षे टिकले. ते आठ तासांत उरकायचे म्हणजे तासाला छप्पन्न वर्षे! त्यात जेवणाची सुट्टी धरलेली नाही. छत्री उंचावून चालणाऱ्या गाइडबाईंनी १६६७ चा भूकंप दोन वाक्यांत संपवला, १९९१-९२ चा वेढा एका वाक्यात, आणि स्वच्छतागृहाच्या वाटेचे मात्र तीनदा निरूपण केले. श्रोते तल्लीन झाले ते तेवढ्याच भागात.

१९४० मीटर लांबीच्या तटावरून शहर छान दिसते. खाली लाल कौले, मध्ये एका गॅलरीत दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि त्यांना चिमटे लावणाऱ्या एक आजी. आमच्यातल्या चौघांनी त्यांचे फोटो काढले. आजींनी वर पाहिलेसुद्धा नाही. रागावून नव्हे; कौलावर बसलेल्या कावळ्याकडे आपण कुठे रोज पाहतो?

"अहो," आमची ही म्हणाली, "आपल्या दोरीवरच्या साड्या बघायला रोज चार हजार माणसं आली तर?"

"अतिथी देवो भव," मी म्हणालो.

"एवढ्या देवांना चहा कोण करणार?"

शास्त्रार्थाने पाहता ही जिंकली होती. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. आमची तिथी, वेळ आणि धक्का वर्षभर आधी छापून आलेला. आम्ही अतिथी नव्हतो, वेळापत्रक होतो!

आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या निवृत्त इंजिनिअरांचे म्हणणे, "आपण पैसे देतो की!" खरे आहे. पण न्याहारी जहाजावर, रात्रीचे जेवण जहाजावर, आणि शहराच्या वाट्याला एक कॉफी व फ्रिजवर चिकटवायचे एक चुंबक. तटाच्या आत १९९१ साली सुमारे ५००० माणसे राहत होती. आता दोन हजारही नाहीत. घरांच्या खोल्या भाड्याने गेल्या, आणि वाण्याच्या दुकानात चुंबके आली. पाहुण्यांना जागा करून देता देता यजमानच घराबाहेर पडले. अखेर २०१९ मध्ये शहराने ठरवले : एका वेळी दोनच जहाजे आणि फार तर ४००० प्रवासी.

गंमत अशी, की आलेल्याला थांबवण्याची कला ह्याच शहराने जगाला शिकवली. १३७७ साली इथे कायदा झाला : साथीच्या मुलखातून आलेल्याने आधी म्रकान बेटावर किंवा त्साव्तात गावी महिनाभर राहायचे, मगच वेशीतून आत. आता तो महिना बेटावर काढलेला खलाशी डोळ्यांसमोर आणा. तीस दिवस ज्याचा ध्यास घेतला त्या शहराच्या दगडी रस्त्यावर त्याने पहिले पाऊल कसे टाकले असेल!

म्हणजे प्रश्न तासांचा नाहीच. पंढरपूरला वारकऱ्याला विठोबा क्षणभरच दिसतो. गर्दीत तेही जमले नाही तर तो कळसाला हात जोडून परततो, आणि त्याला कोणी उथळ म्हणत नाही. कारण त्या क्षणामागे पंधरा-वीस दिवसांची पायपीट असते. आमच्या आठ तासांमागे काय होते? तर लिफ्टच्या दारातली रांग! शहर थोडे पाहिले ह्यात पाप नाही. त्यासाठी स्वतःचे काहीच खर्च न करता 'पाहून झाले' म्हणणे, हे मात्र हिशेबात बसत नाही.

आणि हिशेबाला हे गाव पक्के. इथे स्पॉन्झा नावाचा सोळाव्या शतकातला वाडा आहे, तिथे पूर्वी जकात घेत. जिथे तराजू टांगत त्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरले आहे : इथली वजने खोटी नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. ते वाचल्यावर मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि उरलेला पाऊण तास समोरच्या पायरीवर नुसता बसून राहिलो. एक पोरगा चेंडू घेऊन आला. मी त्याच्याकडे पाहिले, त्यानेही माझ्याकडे पाहिले. माझे पाय त्याच्या गोलपोस्टात येत होते. मी ते आखडून घेतले. त्या शहरासाठी मी केलेली एवढीच सेवा.

हल्ली कोणी विचारले, "डुब्रोव्हनिक पाहिलंत?" तर मी म्हणतो, "जाऊन आलो." आपल्या भाषेत हे दोन शब्द वेगळे ठेवणाऱ्यांनी फार विचार केला असला पाहिजे.