निरपराध टॉवेल

गेल्या दिवाळीत मुलीने पहिल्या पगारातून माझ्या अभ्यंगस्नानासाठी बांबूचा टॉवेल आणला. "बाबा, हा पर्यावरणपूरक आहे. तुमचा तो सोलापुरी आता टाका."

माझा सोलापुरी नऊ वर्षांचा. कडा उसवल्या आहेत, पण पाणी नव्याहून बरे टिपतो. कोरा सुती टॉवेल चार धुण्यांनंतरच पाणी प्यायला शिकतो, आणि धुताना सुवासिक, मऊ करणारे औषध घातले की ते कसब पुन्हा विसरतो! बांबू झपाट्याने वाढतो खरा. पण त्याचा लगदा बहुधा रसायनांत विरघळवावा लागतो, तेव्हा तो मऊ धागा निघतो. कापसालाही थोडेथोडके पाणी लागत नाही. मग निरपराध टॉवेल कोणता? मला वाटते, घरात आधीच आहे तो. आमचा डहाणू तालुका १९९१ साली सरकारनेच पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. मसोलीत बसून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

पण सगळ्यांनीच नऊ-नऊ वर्षे एकाच टॉवेलाने अंग पुसले, तर सोलापूरच्या मागवाल्याने खावे काय? हे मला अजून सुटलेले नाही.

चतुर्दशीच्या पहाटे मी मुलीचाच टॉवेल घेतला. केस मात्र जुन्यानेच पुसले, ती रांगोळीत गुंतली होती तेव्हा.