पाहण्याचा हक्क

बीड जिल्ह्यातील नांदूरघाट हा अवर्षणप्रवण मुलूख. तरीही अंगणातून शिवारापर्यंत चित्रांना तोटा नाही: उंबऱ्यावर लोळणारे मांजर, बाभळीवरचे सुगरणीचे खोपे, माळावरची टिटवी. मोबाइल हाती आल्यापासून ती टिपण्याचा छंद घरोघरी पोहोचला आहे. छंद निर्मळच, पण पाहण्याचा आपला हक्क कोठवर, असा प्रश्न आम्हांला पडतो.

मांजराचे सोपे आहे. ते आपल्याला ओळखते. कंटाळले की उठून जाते. टिटवीला तशी सोय नाही. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये बहुधा चार अंडी घालते. उन्हाळ्यात ती त्यांच्यावर उभी राहते, ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी! पाण्यात पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. माणूस जवळ आला की ती उडते, डोक्यावर घिरट्या घालीत आक्रोश करते. मनाजोगते चित्र मिळेपर्यंत अंडी उन्हात भाजत राहतात.

आदामाने प्राण्यांना नावे दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. परंतु तेथे परमेश्वराने प्राणी त्याच्यापुढे आणले. तो त्यांच्या घरट्यांत शिरला नव्हता.

कोणी म्हणेल, दोन मिनिटांनी काय बिघडते? एकाच्या दोन मिनिटांनी कदाचित काहीच नाही. पण चित्र गावभर फिरले की दुसरा येतो, मग तिसरा, आणि त्याच्यामागे त्याचे कुत्रेही. टिटवीला प्रत्येक वेळी उडावेच लागते.