श्वासाची पावती

दिवाळीआधीची साफसफाई आमच्या घरात दोन दिवस चालते आणि तिसरा दिवस सापडलेल्या वस्तूंवरून भांडण्यात जातो. यंदा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत आईची दोन जरीची लुगडी, माझी दहावीची गुणपत्रिका, एक बंद पडलेले घड्याळ आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत जपून ठेवलेला एक कागद निघाला. कागद इंग्रजीत टंकलेला. खाली रेव्हेन्यू स्टँप आणि त्याच्यावरून आडवी गेलेली मराठी सही. सही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

अण्णा सातपूरला एका लहानशा कारखान्यात लोखंडी भागांवर क्रोमचा मुलामा चढवीत. कारखान्याचे नाव सांगत नाही. तो केव्हाच बंद पडला, आणि नाव सांगून आता कोणाचे काय व्हायचे आहे? टाकीत क्रोमिक आम्ल असे. वीज सोडली की त्यात बुडबुडे उठत आणि बुडबुड्यांबरोबर एक पिवळसर धुके टाकीवर तरंगू लागे. हे धुके नाकात जाते, आतल्या पडद्याला जखम करते आणि वर्षानुवर्षे तेच चालले तर पडद्याला चक्क भोक पडते. नवल असे की ते बहुधा फारसे दुखतही नाही. अण्णांच्या नाकाला भोक पडले तेव्हा बरोबरचे कामगार म्हणाले, “पाटील, नाक तर टोचून झालं, आता नथ तेवढी राहिली!” अण्णाही हसले होते म्हणे. खोकला सुरू झाला तेव्हा मात्र हसणे थांबले.

१९९६ साली मालकाने त्यांना अकरा हजार रुपये दिले आणि हा कागद पुढे केला. त्यात लिहिले आहे की माझा सर्व हिशोब पुरा झाला असून यापुढे माझी किंवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार राहणार नाही. वारस म्हणजे मी. त्याच साली मी मॅट्रिक झालो होतो आणि त्याच अकरा हजारांतून माझी चित्रकलेच्या वर्गाची फी भरली गेली. आज शाळेत मुलांना डोंगर, नदी आणि झोपडी काढायला शिकवून मी जो पगार घेतो, त्याच्या मुळाशी हा कागद आहे. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी माळ्याखाली स्टुलावर बसून कळले.

सणासुदीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. माणसाला आपल्या श्वासाची पावती देता येते का? ‘पैसे पावले, तक्रार मिटली’ असे लिहून देणारा हात एक असतो आणि रात्री खोकणारी छाती दुसरी असते. हाताने लिहिलेले छातीला बंधनकारक कसे व्हावे?

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, आणि क्रोमियममुळे होणारे रोग त्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते. अण्णांना हे ठाऊक नव्हते. मालकाला ठाऊक असावे, नाहीतर त्याने कागद कशाला केला असता? एका वकील मित्राने मला आणखी एक गोष्ट दाखवली. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात म्हटले होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा कामगाराचा करार रद्दबातल समजावा. म्हणजे तक्रारीचे तोंड बंद करण्यापुरता तो कागद कोराच होता! कायदा करणाऱ्यांनी किती आधी ओळखले होते की गरजू माणसाची सही ही त्याची एकट्याची सही नसते. तिच्यात घरातल्या रिकाम्या डब्यांचाही हात असतो.

पण ज्यांनी सही केलीच नाही, त्यांचे काय?

२ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळला विषारी वायू सुटला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. पुढे वाचले त्यातली एक गोष्ट मनात रुतून बसली आहे. १९८५ साली कायदा करून सरकारने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सत्तेचाळीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. लाखो छात्यांची एक पावती, आणि सही भलत्याचीच. बहुतेक जखमींच्या वाट्याला आधी पंचवीस हजार आणि पुढे तेवढेच पुन्हा आले. रक्कम अपुरी पडली असे सांगत २०१० साली सरकार स्वतःच पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी ती मागणी फेटाळली. झालेली तडजोड फसवणूक सिद्ध झाल्यावाचून उघडता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. कोणतेच भांडण कधी मिटणार नसेल तर न्यायालये हवीत कशाला? पण फुप्फुसाला ‘अंतिम निकाल’ हा शब्द कळत नाही.

याच्या उलट टोकाला १९८६ सालचा एक निकाल आहे. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियमची गळती झाली होती. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने त्यावर सांगितले की जो धोक्याचा धंदा करतो त्याने धोक्याचे उत्तरही द्यावे. काळजी घेतली होती, चूक आमची नव्हती, ही सबब चालणार नाही. आणि भरपाई ठरवताना धंद्याचा आकार आणि ऐपत पाहावी. मला हा निकाल आपल्या घरगुती न्यायाच्या फार जवळचा वाटतो. शेजाऱ्याचे मूल आपल्या अंगणातल्या उघड्या विहिरीत पडले, तर ‘मी पाटी लावली होती’ असे म्हणून कोणी आत जाऊन जेवायला बसत नाही.

मात्र गळती एका रात्रीची असते, तिला तारीख असते. रोज थोडे थोडे येते त्याला तारीख नसते. गेली दोन वर्षे मी त्यावर एक कादंबरी लिहू पाहत आहे आणि त्यासाठी दोनदा माहूलला जाऊन आलो. मुंबईत चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी माहूल हे कोळ्यांचे जुने गाव आहे, आणि त्याला लागून आंबापाडा. १९५४ आणि १९५५ साली तेथे पाठोपाठ दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. तेव्हा ते परदेशी कंपन्यांचे होते, पुढे ते सरकारने घेतले. नंतर रसायने साठवणाऱ्या टाक्या आल्या. टाकी भरताना, उपसताना आणि नुसती उन्हाने तापली तरी तिच्यातून वाफ सुटते. त्या वाफेत बेंझिन असू शकते, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे आता निर्विवाद आहे. खाडीच्या चिखलात हिवाळ्यात गुलाबी रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला लोक येतात आणि नाकाला रुमाल लावून परत जातात. राहणाऱ्यांनी किती वेळ रुमाल लावायचा?

२०१३ साली के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तेथे पाहणी केली. शंभरांत सदुसष्ट लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागते असे सांगितले; शंभरांत शहाऐंशींचे डोळे चुरचुरत होते. रहिवासी हरित न्यायाधिकरणाकडे गेले. १८ डिसेंबर २०१५ रोजी निकाल लागला की येथील लोकांच्या आरोग्याला धोका आहे. पण धोका कोणाचा? जमिनीला सातबारा असतो, हवेला नसतो. चौघांच्या टाक्यांतून सुटलेली वाफ एकदा वाऱ्यात मिसळली की कोणाची कोणती हे कसे सांगायचे? माझी कादंबरी नेमकी इथेच अडली आहे. कादंबरीला खलनायक लागतो, त्याला मिशा नसल्या तरी निदान नाव लागते. इथे जो भेटेल तो आठ तासांची नोकरी करून घरी जाणारा, दिवाळीला मुलांना कपडे घेणारा माणूस.

न्यायाधिकरणाने मात्र कादंबरीकाराला जमले नाही ते केले. १३ ऑगस्ट २०२० च्या आदेशात वाटे घातले : एजिस लॉजिस्टिक्स १४२ कोटी, हिंदुस्थान पेट्रोलियम ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियम ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्स २० लाख. हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. हवेची दशांश चिन्हापर्यंत वाटणी! मागाहून वाटले, हसण्यासारखे यात काही नाही. सर्वांनी मिळून केलेले ते कोणीच केले नाही, असे म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. निदान कोणी तरी पाटीपेन्सिल घेऊन बसले आणि भागाकार केला.

पण हा पैसा बिघडलेले पर्यावरण सुधारण्यासाठीचा. आंबापाड्याच्या एखाद्या म्हातारीच्या पदरात बांधला जाणारा तो नव्हे. आणि दुसरी शंका याहून वाईट आहे. दंड भरूनही धंदा परवडत असेल, तर तो दंड राहतो की भाडे होते? वर्षाला इतके कोटी दिले की इतकी हवा वापरायला मिळेल, असा जर हिशोब बसू लागला, तर आपण गुन्ह्याला शिक्षा केली नाही, त्याचा दर ठरवून दिला.

माहूलची गोष्ट येथेच संपती तर बरे होते. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्याच आदेशाने हटवल्या गेल्या आणि त्यांतली हजारो कुटुंबे पालिकेने माहूलच्या मोठ्या वसाहतीत नेऊन ठेवली. म्हणजे शहराचे पाणी सुरक्षित राहावे म्हणून या माणसांना हवा बदलून देण्यात आली! २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले की माणसांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यासाठी दरमहा पंधरा हजार रुपये द्या.

नाशिकच्या वाचकाला वाटेल, हे सारे मुंबईचे. मलाही तसेच वाटत होते. मग कळले की माहूलच्या कारखान्यातून निघालेली एक तेलवाहिनी सह्याद्री चढून मनमाडजवळ पानेवाडीपर्यंत येते. अडीचशे किलोमीटरच्या आसपास लांबीची ही वाहिनी १९९८ पासून चालू आहे. माझी स्कूटर ज्या पेट्रोलवर शाळेत जाते त्यातले काही त्याच वाटेने आलेले असणार. पेट्रोल नळीतून आपल्याकडे येते, वाफ तेवढी तिकडेच राहते.

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. रांजणात खडे टाकणारा वाल्या घरी जाऊन विचारतो, माझ्या पापाचे वाटेकरी व्हाल का? बायकामुले म्हणतात, आम्हाला पोसणे तुझे काम, पाप तुझे तुझ्याजवळ. लहानपणी मला या उत्तराचा राग येत असे. आता येत नाही, कारण पेट्रोलपंपावर रांगेत उभा असताना मी तेच उत्तर देत असतो. फरक इतकाच की या वेळी कोळी लुटणारे नाहीत, लुटले गेलेले आहेत, आणि आम्हाला येऊन विचारणारा कोणी नाही. वाल्याने निदान विचारले तरी होते. आम्ही वाटेकरी किती, हे मला दशांशात सांगता येत नाही. शून्य नाही, एवढे कळते. माझ्या चित्रकलेच्या फीचा हिशोब करतानाही मी याच आकड्याशी येऊन थांबतो.

कागद घेऊन मी अण्णांकडे गेलो. ते पंचाहत्तरीत आहेत, ओसरीवर आकाशकंदिलाच्या काड्या बांधत होते. वास त्यांना गेली कित्येक वर्षे येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंध मिसळतात. अण्णांपुरती ती युक्ती फुकट आहे. दोन वर्षांपूर्वी शेगडीचे बटण उघडे राहिले आणि ते तिथेच शांतपणे पेपर वाचत बसले होते. शाळेतून आलेली नात दारातूनच ओरडली म्हणून निभावले.

मी त्यांना सतरावे कलम समजावून सांगितले. म्हणालो, “अण्णा, ही सही तेव्हाही चालणारी नव्हती. तुम्हाला भांडता आलं असतं.”

त्यांनी काडी दाताखाली धरली, गाठ मारली आणि मग म्हणाले, “मी काय वाचून सही केली होती होय? पण पैसे घेतले ना. शब्द दिला तो दिला.”

“शब्द दिला नाही, घेतला गेला.”

“असेल. मग आता काय, ते अकरा हजार परत करायचे?” आणि माझ्याकडे पाहून थोडे हसले. “कुणाला करायचे?”

मला उत्तर सुचले नाही. अण्णा निमूटपणे सोसतात हा त्यांचा मोठेपणा आहे असे मी इतकी वर्षे समजत आलो. पण त्यांच्या त्या मोठेपणाचा फायदा कोणाला झाला, हे मी कधी विचारले नव्हते. शब्द पाळणारा माणूस समोर आहे म्हटल्यावर कोरा कागदसुद्धा पुरतो. मालकाला हे पक्के ठाऊक होते.

“ठेवू का टाकू?” मी विचारले.

“ठेव. माझी सही आहे त्याच्यावर.” मग आत स्वयंपाकघराकडे मान वळवून त्यांनी नातीला हाक मारली, “अगं, चकली करपत तर नाही ना? बघ जरा.”