वर्तुळाची साक्ष

नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे बागायत व जिरायत असे जे दोन मुलूख केले, त्यांपैकी जिरायती मुलखात पावसाळा ओसरल्यावरही जी वनस्पती तग धरून राहते, म्हणजे माळावरची तरवड, बांधावरचा कडुलिंब, पाऊलवाटेवरचा आघाडा आणि कोयता लागला की चुरगळून जखमेवर पिळतात तो दगडी पाला, ती अलीकडे वैद्यांच्या बटव्याबरोबर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतही जाऊ लागली आहे. पाला सावलीत वाळवावा, त्याचे चूर्ण करावे, मिथेनॉलमध्ये किंवा पाण्यात त्याचा अर्क काढावा, आगराच्या थाळीत जंतूंची पेरणी करून मधोमध भोक पाडावे, त्यात अर्क सोडावा आणि दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जंतुविरहित वर्तुळ उमटले असल्यास पट्टीने त्याचा व्यास मोजावा, अशी ही रीत आहे. ती स्वस्त आहे, डोळ्यांना प्रतीती देणारी आहे, आणि पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पाच्या मुदतीत बसणारी आहे. तिच्या लोकप्रियतेची कारणे शोधण्यास दूर जावयास नको.

परंतु वर्तुळ ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि साक्षीदाराची उलटतपासणी केल्यावाचून निकाल देण्याची जी घाई या विषयात सर्रास आढळते, तिच्याविषयी मला येथे लिहावयाचे आहे. वर्तुळाचा व्यास हा द्रव्याच्या मारकशक्तीवर जितका अवलंबून असतो, तितकाच ते द्रव्य आगरातून किती सहज पसरते यावरही असतो. म्हणून पाण्यात विरघळणारे दुबळे द्रव्य मोठे वर्तुळ काढते आणि तैलयुक्त, पण खरोखर प्रभावी द्रव्य भोकाच्या काठाशीच अडकून पडते. तुलनेसाठी शेजारी प्रतिजैविकाची चकती ठेवतात, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रमाणित चकतीत अवघे 5 मायक्रोग्रॅम औषध असते. उलट भोकात 5 मिलिग्रॅम अर्क ओतला, तर तो वजनाने हजारपट झाला, आणि तरीही दोन्ही वर्तुळे सारखीच आल्याचे पाहून पाल्याने औषधाची बरोबरी केली असे जाहीर करण्यास कोणी कचरत नाही! द्रावक स्वतःच जंतू मारत नाही ना, याची खातरजमा निराळी करावी लागते. पाला ज्या झाडाचा म्हणून लिहिला त्याच झाडाचा आहे, याचा दाखला हवा. त्यासाठी वाळवलेला नमुना पुण्यातील वनस्पती सर्वेक्षणाच्या कचेरीत दाखवून त्याची ओळख पटवून घेण्याची सोय असता ती पुष्कळदा वापरली जात नाही. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की, प्रबंधाच्या शीर्षकात औषधांना दाद न देणारे प्रतिरोधी जंतू असतात, पण थाळीत मात्र संग्रहातून आणलेला, कोणत्याही साध्या औषधाने मरणारा सौम्य वाण असतो.

प्रतिरोधी जंतूंचा हा प्रश्न याच पुणे जिल्ह्यात विशेष अर्थाने आपला आहे. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तेव्हा पेनिसिलिन देशात बनू लागेल ही केवढी आशा होती. पुढे तेथील संशोधकांनी मातीतील सूक्ष्मजीवांपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविकही शोधून काढले. परंतु पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनेच 1945 सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेने जंतू औषधास सरावतील असे बजावून ठेवले होते, आणि 2019 या एका वर्षात प्रतिरोधी जंतूंमुळे जगात थेट सुमारे 12 लाख 70 हजार माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. जंतूंचा हा सराव केवळ रुग्णालयात होत नाही. इंदापूरच्या डाळिंबबागांना तेल्या नावाचा जीवाणुजन्य रोग जेरीस आणतो, आणि त्यावर शेतकरी ज्या पुडीचा फवारा मारीत आले, तिच्यात नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन व दहा टक्के टेट्रासायक्लिन असते. क्षयरोगावर जे पहिले खरे औषध ठरले, तेच हे स्ट्रेप्टोमायसिन. शेतीतील हा वापर थांबविण्याचा मसुदा केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये काढला. हाताशी आलेले पीक डोळ्यांदेखत डागाळताना पाहणाऱ्या बागायतदारास केवळ हुकूम पुरत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मग वनस्पतींकडून अपेक्षा काय करावी? माझे मत असे की, त्यांच्याकडे नव्या पेनिसिलिनची मागणी करणे हीच मूळ चूक आहे. वनस्पतीतील बहुतेक द्रव्ये एकटी दुबळी असतात, कारण जंतूंच्या पेशीपटलात विषारी पदार्थ बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप असतात. दारुहळदीच्या कुळातील झुडपांत सापडणारे बर्बेरिन हे द्रव्य स्टॅफिलोकोकस जंतूवर फारसे चालत नाही, कारण जंतू ते लगोलग बाहेर टाकतो. परंतु 2000 साली अमेरिकन संशोधकांनी दाखवून दिले की, याच कुळातील काही झुडपे बर्बेरिनबरोबर दुसरेही एक द्रव्य घडवतात, जे स्वतः जंतूला मारत नाही, पण त्याचा पंप बंद पाडते, आणि मग बर्बेरिनचे काम चोख होते. सर्पगंधेची कथा आम्हांस अधिक जवळची. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरील गुण सप्रमाण मांडला. पुढे तिच्यातून वेगळे केलेले रेसर्पिन जंतूंचे असेच पंप अडवते असे आढळले, पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला सोसणारी नव्हती. गुण सिद्ध होऊनही औषध न होणे हाच या क्षेत्रातील सामान्य अनुभव आहे, आणि वर्तुळ पाहून हर्षभरित होणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

दगडी पाल्याविषयीही हीच सावधगिरी हवी. ऊस तोडणाऱ्या बाईने बोटावर त्याचा रस पिळला आणि जखम भरली, यावरून तो जंतुनाशक ठरत नाही. रक्तस्राव थांबला म्हणून किंवा जखम स्वच्छ राहिली म्हणूनही ती भरली असेल. परंपरा कोठे शोधावे ते सांगते. काय सापडले ते ती सांगत नाही.

बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेस किंवा इंदापूरच्या महाविद्यालयास महागडी यंत्रे नसताना जे करता येईल, ते हेच की व्यास मोजणे सोडून किमान प्रतिबंधक मात्रा काढावी, ज्या औषधाला जंतू दाद देत नाही त्याच्याच जोडीला अर्क देऊन औषधाची मात्रा खाली येते का ते पाहावे, आणि स्थानिक रुग्णालयाशी रीतसर करार करून खरोखर प्रतिरोधी वाण सुरक्षित व्यवस्थेत हाताळावेत. आरंभ डाळिंबाच्या सालीपासून करण्यास माझी हरकत नाही, कारण ती या तालुक्यांत विपुल आहे. तिच्यात टॅनिन भरपूर असते, आणि टॅनिन भेटेल त्या प्रथिनाला चिकटून थाळीत भुलवणारे वर्तुळ काढू शकते. तेव्हा तिचा एक अर्क टॅनिनसह व दुसरा ते पॉलिअमाइडने काढून टाकून, असे दोन्ही एकाच जंतूवर तपासावेत, आणि दुसऱ्या अर्काने काहीच केले नाही तर तो निष्कर्षही प्रबंधात छापावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला तीच साल पुन्हा वाळवीत बसावे लागणार नाही.