गवंड्याचे ऋण

परंपरेतून उचललेल्या ज्ञानाचे ऋण कोणाला फेडायचे? दादरचे आजचे पोर्तुगीज चर्च घडविणारे चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईत, बेलापूरला, वसविलेली वसाहत पाहिली की हा प्रश्न आम्हांस पडतो. लहानशा अंगणाभोवती सात घरे, उतरती कौलारू छपरे. शेजाऱ्यांत सामाईक भिंत नाही, म्हणजे कुटुंब वाढले की घरही वाढावे. बांधणी अशी की स्थानिक गवंड्यास सहज जमावी. ही समज जुनीच. मरोळ, आंबोली, गोराईच्या गावठाणांत आपल्या पूर्वजांनी ओटा, कौले व अंगण यांतूनच उन्हापावसाची सोय केली होती. वास्तुकाराचे नाव ग्रंथांत राहिले. गवंडी-सुतारांची नावे कोणी लिहून ठेवली?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निसर्गाबरोबर सांस्कृतिक वारसाही जपावयास सांगितले. परंतु नुसते कौतुक स्वस्त असते. वाढत्या कुटुंबाला जुन्या दोन खोल्यांतच राहा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? (नव्या सदनिकांना आशीर्वाद द्यावयासही आम्हीच जातो.) मात्र जेथे जुने घर उभे आहे, तेथे छप्पर गळू लागताच पत्रे घालण्याऐवजी सुतारास बोलवावे. त्याच्या मुलालाही याच कामावर संसार करता यावा, इतकी मजुरी द्यावी; तेथे घासाघीस नको.